सर आर्थर कॉटन आणि गोदावरीचा बंधारा

त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी पर्वतावर उगम पावणारी गोदावरी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. नाशिकचे रामकुंड, पैठणचा घाट, नांदेडचा गुरुद्वारा ही तिच्या काठची स्थळे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. परंतु महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यावर ह्या नदीचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्राणहिता, इंद्रावती, शबरी अशा मोठमोठ्या नद्यांचे पाणी पोटात घेऊन ती पूर्व घाटातील अरुंद खिंडीतून वाट काढते आणि आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ मैदानात उतरते. तेथे तिचे पात्र इतके रुंदावते की, पलीकडचा काठ एखाद्या धूसर रेघेसारखा दिसतो. थोडे पुढे गेल्यावर ती अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. नाशिकला जिच्या पात्रात मुले पोहावयास शिकतात तीच ही नदी, असे सांगितले तर नवख्या माणसास खरे वाटणार नाही.

अशा ह्या जलसंपन्न नदीच्या काठी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, माणसे अन्नावाचून मरत होती. 1832-33 साली त्या भागात भयंकर दुष्काळ पडला. 1839 च्या नोव्हेंबरात समुद्रावर प्रचंड वादळ उठले आणि खवळलेल्या लाटा कोरिंगा बंदराजवळची गावे गिळून आत शिरल्या. ज्या वर्षी पाऊस अधिक पडे त्या वर्षी नदी पिके वाहून नेई आणि ज्या वर्षी तो दडी मारी त्या वर्षी पिके उभीच वाळून जात. 1821 साली राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. 1841 साली ती साडेपाच लाखांच्या आसपास उतरली. वीस वर्षांत दर चार माणसांमागे जवळजवळ एक माणूस नाहीसा झाला. कोणी मेले, कोणी घरदार सोडून परागंदा झाले. आणि ह्या सर्व काळात गोदावरी मात्र अथांग पाणी घेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्राकडे जात होती.

हे पाणी शेतात वळविण्याचे काम ज्याने केले तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील एक अधिकारी होता. त्याचे नाव आर्थर टॉमस कॉटन.

आर्थरचा जन्म 15 मे 1803 रोजी इंग्लंडमध्ये झाला. अकरा भावांमध्ये त्याचा क्रमांक दहावा. एवढ्या मोठ्या कुटुंबात धाकट्या मुलांना आपल्या पोटापाण्याची सोय स्वतःच पाहावी लागे. आर्थर पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तो ॲडिस्कोंब येथील सैनिकी विद्यालयात दाखल झाला. कंपनीच्या तोफखान्यासाठी आणि अभियंता पथकांसाठी लागणारे तरुण अधिकारी तेथे तयार होत. 1821 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो मद्रासला येऊन पोहोचला.

सैन्यात अभियंत्याचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. लढाई केवळ बंदुकीने होत नाही. तोफा पुढे न्यावयाच्या तर रस्ता हवा. नदी आडवी आली तर पूल हवा. शत्रूचा किल्ला घ्यावयाचा तर त्याच्या तटापर्यंत खंदक खणावे लागतात, सुरुंग लावावे लागतात. ही कामे करणाऱ्या तुकड्या प्रत्येक सैन्यात असतात. आपल्या पुण्याजवळच्या खडकीस ज्यांचे ठाणे आहे, ते बॉम्बे सॅपर्स ह्याच परंपरेतले. शांततेच्या काळात कंपनी सरकार ह्याच अधिकाऱ्यांकडून रस्ते, पूल, तलाव आणि कालवे बांधून घेई. कारण उघड होते. त्या काळी आपल्या देशात स्थापत्यशास्त्राची विद्यालयेच नव्हती. रुडकीचे विद्यालय 1847 साली निघाले आणि पुण्यातील अभियांत्रिकीचा वर्ग 1854 साली. तोपर्यंत नकाशा काढावयाचा असो की पूल बांधावयाचा असो, ते काम गणवेशातल्या माणसाच्याच वाट्यास येई.

तरुण कॉटन यांनीही दोन्ही प्रकारची कामे केली. 1824 साली ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू झाले तेव्हा ते तेथे गेले आणि तटबंद्यांवर चालून जाणाऱ्या तुकड्यांच्या आघाडीस राहिले. त्याआधी त्यांनी रामेश्वरजवळच्या पांबनच्या खाडीची पाहणी केली होती. परंतु त्यांचे खरे शिक्षण झाले ते कावेरीच्या काठी.

1828 साली कावेरीच्या पाटबंधाऱ्यांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. श्रीरंगमजवळ कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडचा कोळ्ळिडम आणि दक्षिणेकडचा कावेरी. तंजावरची सारी भातशेती कावेरीच्या फाट्यावर अवलंबून. हे तंजावर म्हणजे आपल्या भोसले घराण्यातील राजांचे तंजावर. कोळ्ळिडमचा उतार अधिक असल्यामुळे वर्षानुवर्षे पाणी तिकडेच ओढले जाऊ लागले आणि कावेरीच्या तोंडाशी गाळ साचू लागला. तंजावरचे शेत सुकू लागले. हा गाळ उपसण्याचे काम दर वर्षी चाले आणि दर वर्षी नदी तो पुन्हा आणून टाकी.

तेथून जवळच एक अतिप्राचीन बांध आहे. त्याचे नाव कल्लणै. चोल वंशातील करिकाल राजाने तो सुमारे अठरा शतकांपूर्वी बांधला, असे मानतात. नदीचा तळ म्हणजे निव्वळ वाळू; कितीही खोल खणले तरी खडक लागत नाही. अशा वाळूवर हा दगडी बांध शतकानुशतके उभा कसा? युरोपात शिकलेल्या अभियंत्यांना ह्याचे कोडे पडे. कॉटन यांनी तो बारकाईने अभ्यासला. पूर्वीच्या लोकांनी पात्रात मोठाले दगड टाकले होते. ते वाळूत रुतले. त्यांवर पुन्हा टाकले, तेही थोडे रुतले. असे करता करता एक वेळ अशी आली की, खालचे दगड आणखी खाली जाईनात. त्या बैठकीवर माती व दगड यांचे बांधकाम उभे राहिले. वाळूशी झगडण्याऐवजी तिला हवे तेवढे दगड घेऊ द्यावयाचे आणि ती तृप्त झाली की मग वर बांधावयाचे, अशी ही युक्ती होती. वाळूत पाया कसा घालावा हे आपण ह्या देशातील जुन्या कारागिरांपासून शिकलो, हे कॉटन यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. राज्यकर्त्या जमातीतील माणसाने त्या काळी असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

ह्या ज्ञानाच्या आधारे त्यांनी 1836 साली कोळ्ळिडमवर दोन बंधारे बांधले. पाणी अडले, कावेरीस तिचा वाटा मिळू लागला आणि तंजावरची शेते पुन्हा हिरवी झाली.

ह्या श्रमांनी कॉटन यांची प्रकृती मात्र ढासळली. हवापालटासाठी त्यांना टास्मानिया बेटावर जावे लागले. तेथे 1841 साली त्यांनी एलिझाबेथ लर्मंथ यांच्याशी विवाह केला. परत आल्यावर काही काळ विशाखापट्टणला काढून ते गोदावरीच्या काठी आले.

दुष्काळाने कंगाल झालेला तो प्रदेश त्यांनी घोड्यावरून आणि पायी हिंडून पाहिला. लोकांचे हाल पाहून त्यांचे मन कळवळले, यात संशय नाही. कंपनी सरकारची चिंता मात्र निराळी होती. माणसे मेली, शेते पडीक राहिली, म्हणजे सारा बुडाला, हे त्याचे दुःख! कॉटन हे ओळखून होते. म्हणून 1844 साली त्यांनी सरकारकडे जो अहवाल पाठविला, त्यात दयेपेक्षा हिशेबाला अधिक जागा दिली. बंधाऱ्यास किती खर्च येईल, त्याने किती जमीन भिजेल आणि साऱ्याच्या रूपाने सरकारास किती रुपये परत मिळतील, हे त्यांनी मांडून दाखविले. पुढच्या वर्षी दुसरा अहवाल धाडला. लंडनहून मंजुरी येण्यास 1846 चा डिसेंबर उजाडला.

आता त्यांची योजना काय होती ते नीट समजून घेऊ. पावसाळ्यात अंगणातून वाहणारा गढूळ ओघळ तुम्ही पाहिला असेल. तो आपल्या दोन्ही कडांना माती टाकीत जातो आणि काही वेळाने आजूबाजूच्या जमिनीपेक्षा त्याच्याच कडा उंच होतात. मोठी नदी समुद्राजवळ येते तेव्हा हेच करते. हजारो वर्षे गाळ टाकून टाकून गोदावरीने आपल्या मुखाजवळचा प्रदेश तयार केला. तेथे नदीचा काठ उंच आणि काठापासून दूर जावे तसतशी जमीन सखल. म्हणजे पाणी एकदा काठाच्या पातळीपर्यंत चढविले की, ते आपल्या पायांनी शेताशेतांत चालत जाईल. मोट नको, रहाट नको. राजमहेंद्रीच्या खाली काही मैलांवर धवळेश्वरम् हे गाव आहे. नदीचे फाटे फुटण्याच्या वरच्या अंगास, ह्या गावाशी नदी बारा फूट अडवावी, म्हणजे पुरे, असे कॉटन यांचे गणित होते.

बारा फूट! तुमच्या शाळेच्या एका मजल्याइतकी उंची. उंची थोडी, पण लांबी केवढी! तेथे नदीत बेटे असल्यामुळे तिचे चार प्रवाह होतात. त्या चारही प्रवाहांवरचे बांधकाम मिळून सुमारे बारा हजार फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून अधिक भरते. शिवाय हे धरण नव्हे, बंधारा. धरण पुराचे पाणी साठवून धरते; बंधारा ते आपल्या डोक्यावरून जाऊ देतो. नाशिक-धुळे भागातील पांझरा, मोसम ह्या नद्यांवर असे बंधारे पूर्वापार आहेत आणि त्यांच्या पाटांवर फडांची शेती पिकते. गोदावरीवरचे काम ह्याच जातीचे, पण कितीतरी पटींनी मोठे.

1847 साली कामास आरंभ झाला. कॉटन यांनी जितके अधिकारी व कारागीर मागितले होते तितके मिळाले नाहीत. हाताखाली आलेले तरुण अधिकारी थोडे आणि अननुभवी. परंतु मजुरांना तोटा नव्हता. काम ऐन भरात असताना सुमारे दहा हजार माणसे नदीच्या पात्रात राबत होती. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती अशांना रोजची मजुरी मिळाली, हे त्या कामाचे पहिले पीक म्हटले पाहिजे. वीणम वीरण्णा नावाचे एक स्थानिक पर्यवेक्षक होते. मजूर जमविणे, त्यांच्याकडून काम करून घेणे, त्यांच्या अडचणी सोडविणे हे सारे त्यांनी सांभाळले. कॉटन यांनी त्यांचा हा वाटा मोकळेपणाने सांगितला आहे. मोठ्या बांधकामाच्या इतिहासात अशा माणसांची नावे बहुधा राहत नाहीत. येथे ते राहिले.

दगड धवळेश्वरम्च्याच टेकडीतून काढला. तो नदीपर्यंत आणण्यासाठी लोखंडी रूळ टाकून त्यांवर गाडे चालविले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी 1853 साली धावली, त्याच्या आधीची ही गोष्ट. पात्रात विटांच्या गोल विहिरी बांधून त्या वाळूत उतरविल्या. विहिरीच्या आतली वाळू उपसली की, वरचे बांधकाम आपल्या वजनाने खाली बसत जाते. अशा विहिरींच्या रांगांवर बंधाऱ्याची भिंत उभी राहिली. भिंतीवरून कोसळणारे पाणी खालची वाळू उकरून काढील आणि मग भिंतच ढासळेल, ही खरी धास्ती होती. त्यासाठी खालच्या बाजूस मोठ्या दगडांची लांबलचक उतरण रचली. पाण्याने वाळू उकरली की दगड त्या खळग्यात बसत, वरून नवे दगड टाकीत, पुन्हा बसत, पुन्हा टाकीत. कल्लणैच्या बांधाने शिकविलेला धडा तो हाच.

पावसाळा आला की काम थांबे. सात-आठ महिन्यांत जे बांधले ते चार महिन्यांच्या पुरात टिकते की नाही, याची प्रत्येक वर्षी कसोटी लागे. उन्हातान्हात उभे राहून कॉटन यांची प्रकृती पुन्हा बिघडली आणि काम अर्ध्यावर असताना त्यांना रजेवर जावे लागले. त्या काळात कॅप्टन ऑर यांनी काम नेटाने पुढे चालविले. कॉटन परत आले आणि 1852 साली बंधारा पुरा झाला. त्याच सुमारास हेग नावाच्या तरुण अधिकाऱ्याने गन्नवरम् येथे गोदावरीच्या एका फाट्यावरून कालवा नेण्यासाठी एकोणपन्नास कमानींचा जलसेतू बांधला. खाली नदी वाहते आणि वर कालवा! पाण्याच्या डोक्यावरून पाणी जाताना पाहून लोक थक्क झाले असतील.

बंधाऱ्यापासून तीन दिशांना तीन मोठे कालवे निघाले. त्यांना शेकडो पाट फुटले. ह्या कालव्यांतून नावाही चालत, त्यामुळे धान्य स्वस्तात बाजारास जाऊ लागले. पडीक जमीन भाताखाली आली. गेलेली माणसे परतली, नवी आली. पुढे 1876 ते 1878 ह्या वर्षांत मद्रास इलाख्यात अतिभीषण दुष्काळ पडला. आपल्या सोलापूर-विजापूरकडच्या भागासही त्याची झळ लागली. त्या वेळी गोदावरीच्या मुखाकडचा हा जिल्हा स्वतः तरला आणि त्याने इतरांस धान्य पुरविले. आज ह्या कालव्यांखाली सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते. बंधाऱ्याच्याच धर्तीवर कृष्णा नदी विजयवाड्याजवळ अडविण्यात आली. ते काम 1855 साली पुरे झाले आणि ते कॅप्टन ऑर यांच्या देखरेखीखाली झाले.

तेथील शेतकरी कॉटन यांना कॉटन दोरा म्हणू लागले. तेलुगू भाषेत दोरा म्हणजे साहेब, धनी. कॉटन म्हणजे कापूस हे ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी मुलांना हे नाव ऐकून हसू येईल. पण तिकडे ते फार आदराने उच्चारतात. गोदास्नानाच्या वेळी भगीरथाबरोबर कॉटन यांचेही स्मरण करणारे पुरोहित त्या भागात आहेत.

ह्या माणसाचे सगळेच बेत फळले असे मात्र नाही. 1861 साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याआधीच ते नोकरीतून निवृत्त झाले होते. पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हिंदुस्थानातील मोठ्या नद्या कालव्यांनी एकमेकींस जोडाव्या आणि त्यांतून नावांची वाहतूक करावी, असा त्यांचा ध्यास होता. सरकार आगगाड्यांवर पैसा ओतीत होते, तो कालव्यांवर खर्च करावा, असे ते पुनःपुन्हा लिहीत. ह्या वादात त्यांचा तोल कधी कधी सुटे. त्यांच्या सल्ल्याने खासगी कंपन्यांनी तुंगभद्रेवर व ओरिसात जे कालवे काढले, ते फायद्याचे ठरले नाहीत आणि अखेर सरकारास विकत घ्यावे लागले. गोदावरीच्या मुखाशी जी जमीन आहे तशी सर्वत्र नसते, ही गोष्ट त्यांनी पुरेशी ध्यानात घेतली नाही, असे मला वाटते. 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची कडक उलटतपासणी झाली आणि समितीने त्यांच्या मोठ्या योजना मानल्या नाहीत. गंमत अशी की, आगगाड्यांचा हा टीकाकार धवळेश्वरम्ला दगड वाहण्यासाठी स्वतः रूळ टाकून बसला होता!

धवळेश्वरम्चा बंधारा मात्र टिकला. टिकला म्हणजे एकदा बांधून सोडून दिला आणि उभा राहिला, असे नव्हे. पुराने नेलेले दगड पुन्हा भरावे लागत, भिंतीस पडलेल्या भेगा बुजवाव्या लागत, कालव्यांतला गाळ काढावा लागे. पुढे भिंतीची उंची थोडी वाढविली आणि वर झडपा बसविल्या. अशी देखभाल करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तेथे झाल्या. शंभरांहून अधिक वर्षांनी भिंत जीर्ण झाली, तेव्हा 1970 साली स्वतंत्र भारताच्या अभियंत्यांनी तेथे नवा बांध बांधावयास घेतला. तो 1982 मध्ये राष्ट्रास अर्पण झाला. त्यास 175 दरवाजे आहेत आणि त्याला सर आर्थर कॉटन यांचेच नाव दिलेले आहे. धवळेश्वरम्ला त्यांचे संग्रहालयही आहे.

कॉटन यांचे अखेरचे दिवस इंग्लंडमधील डॉर्किंग गावी गेले. तेथे त्यांच्या घरामागे लहानशी बाग होती. ऐंशी वर्षे उलटून गेल्यावरही ते तेथे गव्हाचे प्रयोग करीत. जमीन फार खोल खणली, ढेकळे बारीक फोडून माती मोकळी केली, तर थोड्या जागेत किती गहू पिकतो, हे ते पाहत आणि आलेल्या उत्पन्नाची नोंद ठेवीत. 24 जुलै 1899 रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या कन्येने त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.